दोन किलो, तीनशे चाळीस ग्रॅम

उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात
रात्री साडेनऊलाही पत्रा तापलेला असतो.
मी शटर अर्ध्यावर ओढतो, पंखा बाइककडे वळवतो
आणि पुठ्ठ्यावर स्वयंपाकाचा काटा मांडतो,
खोलीवरून आणलेला, कडेला अजून मैदा चिकटलेला.

हुमैदची अडीचशे सीसी. शुक्रवारी शर्यत.
टाकी रिकामी धरून एकशे पाच किलो.
"उस्ताद, हलकी कर," एवढंच म्हणून गेला पोरगा,
हातमोजे माझ्या टेबलावर विसरून.

सायलेन्सर उतरवला, टायटॅनियमचा चढवला.
आठशे सत्तर ग्रॅम गेले.
बॅटरी बदलली, नवी साबणाच्या वडीएवढी.
एक किलो शंभर.
हे सोपं. हे पैशानं होतं,
आणि पैसा हुमैदच्या वडिलांचा.

पुढचं हातानं करावं लागतं.
बोल्ट एकेक काढून नवा लावायचा, जुना काट्यावर.
नटाबाहेर आलेलं शेपूट
दोन आटे राखून कापायचं.
सीटचा फोम आतून तासायचा, बसणाऱ्याला न कळेल असा.
आणि इंजिनाखालच्या खोबणीत
मागच्या शर्यतीची वाळू, ग्रीसमध्ये मळून वीट झालेली.
"वाळूसुद्धा मोजतोस?" शिबू विचारतो.
मोजतो. शहाण्णव ग्रॅम.
तीही पळत होतीच की, फुकटात.

आमचे पणजे मिरजेत तलवारींना धार लावायचे.
तलवारी संपल्या, घर सतारीकडे वळलं.
अब्बा तुणीची तबली मांडीवर घेऊन तासत बसायचे,
चार रंधे, मग बोटाची टिचकी, मग कान.
पुन्हा दोन रंधे.
मी विचारायचो, थांबायचं कधी?
ते म्हणायचे, मोडल्यावर कळतं. म्हणून जरा आधी.

मी ते ऐकलं होतं. तरीही डिसेंबरात
ब्रेकच्या पायट्याला पाच भोकं पाडली,
देखणी, एका रांगेत.
चौथ्या फेरीला, उडीनंतरच्या उतारावर
तो वाकला, कागदासारखा.
हुमैद बाइक ढकलत चालत आला.
बोलला काहीच नाही. गॉगल काढला,
तेवढी डोळ्यांभोवतीची कातडी स्वच्छ होती.
तो पायटा मी भिंतीला टांगलाय,
फॅनबेल्टच्या शेजारी, रोज दिसेल असा.
अडतीस ग्रॅमची हाव.

या वेळी पायट्याला हात लावला नाही.
ॲक्सलला नाही, हँडलच्या क्लॅम्पला नाही.
पहाटे वहीत बेरीज मारली:
दोन किलो, तीनशे चाळीस ग्रॅम.

सकाळी हुमैद आला, बाइक एका हातानं उचलून बघितली, खूश.
शिबूनं त्यालाच शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं.
ईदनंतर तीन किलो वाढलेला.
आम्ही तिघं इतके हसलो
की भंगारवाला बाहेर येऊन उगाच हसला.

दुपारी अब्बांना फोन लावला.
त्यांना हल्ली माणसांचं बोलणं नीट ऐकू येत नाही,
लाकडाचं येतं.
"काय करतोयस?"
"बाइक तासतोय," मी ओरडलो.
"कशाची आहे?"
सांगायला टायटॅनियम हा शब्द पुरेना,
म्हणून फोन सायलेन्सरला टेकवला
आणि नखानं टिचकी मारली.
पलीकडे शांतता. मागं कुठंतरी कुणी तार पिळत होतं.
"पुन्हा वाजव."
वाजवलं.
"अजून जाड आहे," अब्बा म्हणाले,
आणि जरा थांबून,
"पण राहू दे. त्यावर कुणाचं पोर बसणार आहे ना?"