सव्वादोनशे साड्या

लवू, एका साडीच्या फॉल-पिकोचे ऐंशी रुपये.
महिन्याचे अठरा हजार म्हणजे सव्वादोनशे साड्या.
बाई फोनवर म्हणाली, तीन महिने आगाऊ भरा ताई,
चादर, टॉवेल, साबण पेशंटचा.
मशीनवरून पाय न काढता मी ऐकत होते.
अबोली साडी होती. काठ तिरका गेला,
उसवावा लागला.

त्याआधी मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो आपण,
दहा रुपयांचा केसपेपर काढून.
बाकावर तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलास.
शेजारच्या बाईने विचारलं, मिस्टर का?
डॉक्टर तरुण होती, खोटं बोलली नाही:
खाट फुकट आहे, पण तुमच्या आधी चौदा जण,
तोवर रोज घेऊन या.
रोज.
भटवाडीतून वाऱ्याची मोट बांधून रोज.
तिसऱ्या दिवशी नाक्यावर तू रिक्षातून उतरलास,
सुट्टे आणतो म्हणून.

बदलापूरच्या एकाने विचारलं, उचलून न्यायचाय का?
रात्री गाडी येईल, चार पोरं, दोरी आमची,
गाडीचे साडेतीन हजार वेगळे.
मी फोन ठेवला.
पण खरं सांगते, दोन रात्री नंबर पुसला नव्हता.

विम्याच्या कचेरीत मुलीने पान उलटून बोट ठेवलं:
स्वतःहून ओढवून घेतलेलं यात बसत नाही.
तिला काय बोलणार?
गणपतीत सगळ्यांदेखत मी तुला हेच ऐकवलं होतं.

पत्ता शेवटी दिला मेडिकलवाल्या जिग्नेशने,
बिलाच्या पाठीवर, मान खाली घालून.
त्याच काउंटरवरून तू चिठ्ठीशिवाय पट्ट्या न्यायचास.
मी त्याला शिव्या घालायला गेले होते,
पत्ता घेऊन आले.

आईने साबण लावून पाटल्या काढल्या.
डावी निघाली. उजवी हाडावर अडली,
तीस वर्षं लोकांच्या भांड्यांच्या पाण्यात फुगलेला हात.
सोनाराने ती कापून काढली, वर म्हणाला,
काळजी नको मावशी, वजन तेवढंच भरतं.
आईने मनगट पदराखाली घेतलं,
कुणी उघडं पाहिल्यासारखं.

त्या रात्री मी दुसरा हिशेब मांडला.
तुझ्या क्वार्टरी, पट्ट्या, विकलेला सिलिंडर,
माझा मिक्सर, जो भंगारवाल्याकडून
मीच परत विकत घेतला, घासाघीस करून,
आपला आहे हे न सांगता.
चौपन्न हजार कधीच मागे पडले होते.
पण दारूने कधी डिपॉझिट मागितलं नाही, लवू.
ती रोजचं रोज घ्यायची, चिल्लरीत,
आणि मलाही वाटायचं, आजचं तर भागलं.

आता तू आलायस. गालांवर मांस आलंय.
मशीनच्या पायाशी बसून जुने फॉल उसवतोस,
हात थरथरतो, दोऱ्याबरोबर कापड येतं.
जिजाबाईंच्या नारायणपेठेला भोक पाडलंस,
ते मी रफू करून दिलं, पैसे घेतले नाहीत.

काल दूध आणलंस,
उरलेले सहा रुपये ओट्यावर ठेवलेस.
मी मोजले.
बोटांनीच मोजले, मला न विचारता,
आणि तू दारात चपला काढता काढता पाहत होतास.
दोघंही काही बोललो नाही.
आईने चहात साखर जास्त घातली.

भिशी मी आधीच उचललीय, सात हप्ते राहिलेत.
ते फिटतील.
दुसरं कधी फिटतं ते कुणी पावतीवर लिहून देत नाही.
संध्याकाळ झाली की मला हल्ली नाकं दिसत नाहीत सुईची.
हे घे, ओव जरा दोरा.
घाई नाही. गेला नाही तर पुन्हा ओव.