जोडी मोडू नये

कॅमेरा नवा, चंदेरी, पाच मेगापिक्सेलचा,
नव्या पेठेतून आणला, बोनसच्या पैशांत.
सेल मात्र जुनेच.
शिलाई मशीनच्या खणात
बटणं आणि एक तुटका धोटा, त्यांच्या शेजारी चार.
नायनांच्या टेपचे, रिचार्जवाले.
प्रत्येकावर चिकटपट्टी, तीवर नायनांचं अक्षर:
अ अ, ब ब,
आणि डबीवर: जोडी मोडू नये.
घरात आम्ही तेलुगू बोलतो,
पण जपायच्या गोष्टी नायना मराठीत लिहितात.

रात्रभर चार्जरवर ठेवले.
पहाटे दिवा हिरवा झाला, गल्लीतले माग सुरू व्हायच्या आधी.
हातात घेतले, तर कोमट,
कोंबडीखालून काढल्यासारखे.

हैदराबादच्या शेठला चोवीस चादरींचे फोटो हवे होते.
नायना चादर धरून उभे राहिले, चादरीमागे पूर्ण दिसेनासे.
मोर. चौकडी. कमळ.
कमळाला फ्लॅश पडला
आणि कॅमेऱ्यानं डोळा मिटला.
भिंग तसंच बाहेर, चिडवल्यासारखं.
दुसरी जोडी घातली. तिनं तर मोरसुद्धा काढू दिला नाही.
"झालं का गं?" चादरीमागून आवाज.
"थांबा, नायना."
ते थांबले. हात खाली घेतले नाहीत.

इरण्णानं दुकानात सेल मीटरला लावले.
"भरलेत की, ताई. पण कॅमेरा मागतो एकदम,
आणि ह्यांना एकदम देणं जमत न्हाई आता.
थोडं थोडं मागा. देत्यात."
मग त्यानं नवे सेल काढले,
मी पैसे मोजले.
नायना बाहेर सायकल धरून उन्हात उभे होते.
काय म्हणाला, विचारलं त्यांनी.
मी म्हटलं, कॅमेऱ्यातच काहीतरी आहे.

संध्याकाळी उरलेल्या एकवीस चादरी एका दमात झाल्या.

ब जोडी टॉर्चमध्ये गेली.
स्वयंपाकघरातलं घड्याळ संक्रांतीपासून बंद होतं,
त्यात अ घातला. काटा जरा अडखळला, मग निघाला.
पण घड्याळाला सेल एकच लागतो.
दुसरा अ हातात घेऊन नायना स्टुलावर उभे,
बराच वेळ,
मग त्यांनी तो घड्याळाच्या माथ्यावर आडवा ठेवला.

शेठला कमळाचा पहिलाच फोटो पाठवला.
वरच्या कडेला नायनांची आठ बोटं आली आहेत.
कापायची राहिली.