तपकिरी कॅन

पहिली बाटली उघडलीस, नेमेसिओ,
आणि म्हणालास, नासक्या अंड्यांचा वास येतोय.
मला हसू आलं. तवा आठवला.
त्याच तव्यात तू शनिवारी पारा उडवायचास,
धूर खिडकीतून जायचा, थोडा जायचा, थोडा राहायचा,
तळाशी राहिलेलं पिवळं तू चाकूनं खरवडायचास,
आणि रविवारी आई त्यातच अंडी तळायची.
तवा छान तापतो, म्हणायची.

दिवसातून तीनदा, पाच दिवस.
मग दोनदा, चौदा दिवस.
डॉक्टर मारिसोलनं वहीच्या कागदावर चौकटी आखून दिल्या,
मी प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण करत गेले.
सहाव्या चौकटीपाशी तुझ्या दंडावर पुरळ उठलं.
आठव्या चौकटीपाशी तू होडीच्या काठावरून वाकून ओकलास
आणि म्हणालास, तोंडात कुणी तरी किल्ली विसरून गेलंय.
केळं दिलं, तरी किल्ली.
कॉफी दिली, तरी किल्ली.

अकराव्या दिवशी रक्त तपासलं.
पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या.
मारिसोल म्हणाली, हे औषध जरा आंधळं आहे,
पाऱ्याचा हात धरायला निघतं
आणि वाटेत जस्ताचाही हात धरून बसतं, तांब्याचाही.
मग तुम्ही डोळस औषध का देत नाही, मी विचारलं.
ती म्हणाली, असतं तर दिलं असतं.

बाजारात सलाइन लावणारा एक माणूस बसतो.
पत्र्याच्या शेडवर लिहिलंय: शरीर स्वच्छ करून मिळेल.
रुपेर्तोची बायको म्हणते, त्याच्याकडे जा, तासाभरात सगळं धुऊन काढतो.
ऐकलंय, एका पोराच्या रक्तातलं कॅल्शियमसुद्धा त्यानं धुऊन काढलं.
पोराचं नाव मी विचारलं नाही.
नाव कळलं असतं तर त्याच्या आईकडे जावं लागलं असतं.

तुझी लघवी मी चोवीस तास तपकिरी कॅनमध्ये साठवली,
झाकण घट्ट लावून, ओल्या गोणपाटात गुंडाळून,
पहाटेच्या होडीनं पुएर्तो माल्दोनादोला नेली.
शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, मध आहे का?
मी म्हटलं, हो.

आकडा आला, वाढलेला.
मारिसोल खूश झाली, हे बघा, निघतोय बाहेर.
मला पण खूश व्हायचं होतं, झालेही थोडी.
मग मी विचारलं,
कॅन तर एकाच दिवसाचा होता.
बाकीच्या दिवसांचं काय?
तिला कळेना.
मी सांगितलं, आमचा संडास नदीवर आहे.
खाली खांब आहेत, खांबांखाली पाणी,
पाण्यात मोता मासा, तळाशी फिरणारा, मिशाळ.
शुक्रवारी आम्ही तोच शिजवतो.

तिनं पेनाचं टोपण काढलं. लावलं. परत काढलं.
मग कागदावर लिहिलं: मासे खाऊ नका,
आणि खाली, औषध दोन आठवडे थांबवा.

दोन आठवडे झाले.
चौकटी कोऱ्या आहेत.
तुझं पुरळ सुकलंय, किल्ली अजून तोंडातच आहे.
सदऱ्याची गुंडी तू काजात घालायला जातोस,
बोटं भलतीकडेच पोचतात.
मी बघते, मदत करत नाही,
चौथ्या खेपेला जमतं,
पाचवी गुंडी तू सोडूनच देतोस.

काल आईचं कपाट आवरताना
पेनिसिलिनच्या जुन्या बाटलीत सापडला,
तळाशी, बोटभर, जड.
बाटली तिरकी केली तर तो आधी विचार करतो, मग सरकतो.
नदीत टाकू? नदीत आहेच.
मातीत पुरू? पाऊस नदीकडेच जातो.
मारिसोलला देऊ? तिच्याकडे कॅन आहेत, कपाट नाही.

तू दारातून विचारलंस, काय आहे ते?
मी म्हटलं, काही नाही.
आणि झाकण आणखी एक आटा पिळलं.