बसकण

नॉर्थम्बरलंडचा किनारा. वारा असा
की बादलीतली माती आपणहून चाळली जाते.
कड्याच्या काठाशी आम्ही सातजण गुडघ्यांवर,
हातात करणी, थर्मासमध्ये कोमट चहा.

घर सापडलंय म्हणतात. मला तरी
नुसते काळे डाग दिसतात, गोलात.
मेढी कुजल्या आणि त्यांच्या जागी
वेगळ्या रंगाची माती येऊन बसली.

मधोमध चूल. एल्स्पेथ म्हणते, एक नाही,
एकीवर एक अशा कितीतरी,
प्रत्येक आधीच्या चुलीपासून वीतभर सरकलेली.
का सरकवली असेल?
छपरातून गळत असेल, ती म्हणाली.
म्हणजे कुणीतरी कुणालातरी नक्की बोललं असेल,
थंडीआधी शाकार म्हणून, कितीदा सांगितलं.

हेझलनटची टरफलं, कोळसा झालेली.
मोजता मोजता बोटं काळी.
सीलचं एक हाड. गेरूचा खडा,
एका बाजूने घासून सपाट केलेला,
कातड्यासाठी की गालासाठी,
हे माती सांगत नाही.

मग चारच्या सुमारास, ती जागा.
चकमकीच्या कपच्या, नखाएवढ्या, शेकडो,
पंख्यासारख्या पसरलेल्या, आणि मधे
दोन पट्टे कोरे.
मी म्हटलं, इथलं वाहून गेलं का?
एल्स्पेथने ब्रश खाली ठेवला
आणि आपले पाय पुढे पसरून दाखवले.

पाय.
कुणीतरी इथे बसकण मारली होती,
पाठ वाऱ्याकडे, तोंड चुलीकडे.
दगडावर दगड. कपच्या उडत होत्या
पायांच्या अल्याड, पल्याड.
मग हाक आली असेल. मासे भाजून झाले,
की पोर रडलं, की नुसताच अंधार पडला.
तो उठला, किंवा ती उठली,
अंग झटकलं.

समुद्र तेव्हा कितीतरी लांब होता.
रानं गिळत गिळत इथवर आला,
अजून कडा कुरतडतोय.

वहीत त्या पट्ट्यांना नंबर नाही.
नोंद होते ती सापडलेल्या वस्तूंची.
सहा वाजता ताडपत्री ओढायला
सगळे सरळ गेले, मी वळसा घेतला.
बसलेल्याचे पाय
ओलांडू नयेत ना.