काचेवरचा ओरखडा

रोसारियोत, मानसशास्त्र विभागाच्या फाटकासमोर
एकतीस वर्षं माझं झेरॉक्सचं दुकान होतं.
त्या विषयातलं मी काही शिकलो नाही,
पण मनाबद्दल ज्यानं ज्यानं लिहून ठेवलंय
ते सगळं माझ्या हाताखालून गेलं, गरम गरम,
भट्टीतून पाव निघावा तसं.

यंत्राच्या काचेवर एक ओरखडा होता.
परीक्षेच्या आदल्या रात्री नासारेनाच्या हातून
किल्ल्यांचा जुडगा पडला होता तिच्यावर.
तेव्हापासून प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात
केसाएवढी तिरकी रेघ यायची.
पोरं म्हणायची, एवारिस्तो, काच बदल.
मी म्हणायचो, पैसे काढा.
कुणी काढले नाहीत. रेघ राहिली.

मला वाटायचं, सगळे एकाच साच्यातले निघणार:
एक खोली, एक कोच,
आणि समोरचा माणूस आईबद्दल बोलतोय.

कसलं काय.

फेर्मीन, सगळ्यात मोठी उधारी त्याची,
धान्याच्या बंदरावर ट्रकवाल्यांना तपासतो.
दिवा लाल झाल्यावर पाय किती वेळात हलतो,
अठरा तास जागलेला माणूस स्वतःला काय थापा मारतो.
म्हणतो, मी ब्रेकपर्यंतचं मन बघतो,
त्याच्या पुढचं दुसऱ्यांनी बघावं.

लिसांद्रो शाळेत लागला. मुलांपेक्षा
पालकांशीच बोलावं लागतं म्हणून वैतागला,
आता फुटबॉल क्लबात असतो.
पेनल्टी हुकलेल्या सतरा वर्षांच्या पोराला
झोप कशी लागावी, याचा त्याला पगार मिळतो.

नासारेना तुरुंगात.
तिच्या सहीवर माणूस सुटतो किंवा राहतो.
पश्चात्ताप झाला आहे का, अशी चौकट असते म्हणे कागदावर,
हो किंवा नाही.
ती पेन टेकवून बसते, शाईचा ठिपका मोठा होत जातो.
एकदा दुकानात आली आणि कोऱ्या कागदाची
झेरॉक्स मागितली.
मी काढून दिली. विचारलं नाही काही.

झुलेमानं सोडूनच दिलं. केस कापते.
पदवी आरशाच्या मागे टांगलीय, आणि
तिच्याकडे तीन आठवडे आधी नंबर लावावा लागतो.

या मार्चमध्ये मुलीनं मला हॉस्पिटलात नेलं.
गॅस चालू राहिला होता, दोनदा.
तिसरा मजला, स्मृतीचा विभाग.
पांढऱ्या कोटातली बाई म्हणजे आयलेन,
सुटे पैसे मोजून द्यायची आणि ताजा कागद हुंगायची ती.
ओळख दाखवावी की नाही, असा तिला
क्षणभर प्रश्न पडला असावा.
पाच शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाली.
मग एक कागद पुढे सरकवला. त्यावर रिकामं वर्तुळ.
घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं.

मी काट्यांपर्यंत पोचलोच नाही.
उजव्या कोपऱ्यात
केसाएवढी तिरकी रेघ.

दुकान मिटून नऊ वर्षं झाली.
प्रतीची प्रत, तिची प्रत,
कुठकुठल्या टेबलांवरून, कुणाकुणाच्या थरथरत्या हातांखालून
फिरत आलेली.
मी तिच्यावर बोट ठेवलं.
किल्ल्या, म्हटलं. नासारेनाच्या. त्या रात्री
तू रडत होतीस, तुझं सातवं प्रकरण सापडत नव्हतं.

आयलेननं पेन खाली ठेवलं.
याला तिच्या तक्त्यात रकाना नव्हता.

पाचातले दोन शब्द आठवले मला, लिंबू आणि पूल.
घड्याळातले आकडे सगळे एकाच बाजूला गेले,
परीक्षेच्या आदल्या रात्री काउंटरला
पोरं चिकटून उभी राहायची तसे.

काही विचारायचंय का, म्हणाली ती.
मी कागद उजेडात धरला. सवय.
पुसट होत चाललंय, म्हटलं.
आत्ताच चार प्रती काढून ठेव.