पितळी पाटी

सेलूच्या मोंढ्यात, सतरा नंबरच्या आडतीपुढं
एक बिडाचा काटा होता.
त्याच्या पितळी पाटीवर ठोकलेले आठ आकडे:
७३९३९१३३.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
इतके काटे कुण्या कारखान्यानं ओतले नसणार.
आकडा कुठून आला, कुणाला ठाऊक नव्हतं.

मी तिथं पट्ट्या लिहायचो.
दुपारी सौदे थांबले की पट्टीच्या कोऱ्या पाठीवर
त्याला भागत बसायचो.
दोन नाही.
तीन नाही, अंकांची बेरीज अडतीस.
सातानं दोन उरतात, अकरानं चार, तेरानं आठ.
आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णव ओलांडले
की पुढं बघावं लागत नाही.
तिथवर पोचायला तुरीचा अख्खा हंगाम गेला,
हजारावर भागाकार.
फुटला नाही.
मूळ संख्या.

दस्तगीर मापाडी मोजताना एक म्हणत नसत.
लाभ, म्हणायचे. मग दोन, मग तीन.
मी सांगितलं, चाचा, आमच्यातबी
एकाला मूळ धरत नाहीत, वेगळा ठेवतात.
"मग बरोबरंय तुमचं," म्हणाले
आणि पोतं पुढं ढकललं.

पोती उजवीकडून चढायची.
तागाची कड घासून घासून
आधी शेवटचा तीन गेला.
उरलेला भागून पाहिला. मूळ.
काही वर्षांनी दुसरा तीन. मूळच.
मग तो मधला लाभ पुसला, मग नऊ;
७३९३
आणि मी दर वेळी धसकून,
पोत्यात परखी खुपसावी तसा,
की आता किडका दाणा निघणार.
निघाला नाही.

एकदा उलटंही करून पाहिलं.
कारखान्यानं पुढं आणखी एक आकडा ठोकला असता तर?
सम आणि पाच, त्यांचं काय बोलायचं.
लाभ ठोकला, तीनानं तोडला.
सात ठोकला, नऊनं.
तीन आणि नऊ बरेच दिवस तगले,
शेवटी तेही फुटले.
म्हणजे आला तेव्हाच तो भरून आला होता.
वाढायला जागा नव्हती.
घट तेवढी होती पुढ्यात,
आणि त्या घटीत कुठंच
कडता बसला नाही.

यंदा लाल आकड्यांचा काटा आला.
जुन्याच्या पाटीवर एकटा सात.
चाचांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला.
"आता किती?"
सात.
"मूळ?"
मूळ.
"आपल्या तोलात तर कधी फरक पडला नाही," ते म्हणाले,
जसं काही मी तसं म्हणालो होतो.

भंगारवाल्यानं काट्याला काट्यावर चढवलं.
एकशे शहाऐंशी किलो.
मी सवयीनं पट्टी उलटी केली.
दोनानं गेला.
तीनानं गेला.
पुढं मी पाहिलं नाही.