सोनटक्क्याचे कंद

साओ मिगेलच्या चढावर झुल्मिरा
कोयत्याने सोनटक्का तोडते.
अजून फुललेला नाही, पण डोंगरभर माजलाय.
कंद उपटला की हातांना आल्याचा वास येतो
आणि मला उगीच अपराध्यासारखं वाटतं.
ह्याच्या पांढऱ्या भावाला
आमच्याकडे केसांत माळतात.

"इथे तो गिळतो," ती म्हणते. "सगळंच."

तिच्या पणजोबाने संत्र्यांच्या मोहरापायी
प्रिओलो मारले.
डबाभर चोची मोजून दिल्या,
आलेल्या पैशांत घरावर कौलं चढवली.
संत्री पुढे रोगाने गेली.
कौलं आहेत अजून.

आम्ही रोपं लावतो, रानहॉली, लॉरेल,
बोटभर उंचीचं हेदर.
धुकं असं, की पुढचं लावेतो
मागचं दिसेनासं होतं.

"किती वर्षं लागतील?"
"माझे गुडघे पुरायचे नाहीत एवढी."

मग कुठूनशी शीळ. बारीक, तुटकी.
झुल्मिरा हातातला कंद टाकत नाही,
मान तेवढी वळवते.

जुन्या हॉलीवर एक करडा, गुबगुबीत जीव
कळ्या खुडत बसलाय.

ती त्याला तिच्या भाषेत काहीतरी सांगते,
बराच वेळ.
मला एकच शब्द कळतो:
खा.